सेटलमेंटचं खोटं पत्र

१

काल्याच्या लाह्या अजून मंदिराच्या पायऱ्यांवर सांडलेल्या होत्या. महाळुंगे पडवळचा सप्ताह रविवारी दुपारी उठला आणि सोमवारी सकाळी राजमहंमद स्पीकरवाला आपल्या टेम्पोत खोकी चढवायला लागला. सात दिवस गावाच्या कानावर जे नाम पडलं, ते त्याच्याच स्पीकरमधून. त्याचा बाप जुन्नरहून एक भोंगा घेऊन या गावात आला होता. लेकानं कर्ज काढून त्याचा टेम्पो केला, मिक्सर केला, आठ स्पीकर केले. मग कोरोनात दोन वर्षं ना सप्ताह ना लग्न. हप्ते तुंबले ते तुंबलेच.

वायरी गुंडाळून होतात न होतात तोच मोटारसायकलवरून शिंगोटे आला. कर्ज ज्या फायनान्स कंपनीचं, तिनं वसुलीचं काम पुण्याच्या एका एजन्सीला दिलं होतं. शिंगोटे त्या एजन्सीचा माणूस. त्यानं टेम्पोभोवती एक चक्कर मारली आणि नंबर प्लेटचा फोटो काढला.

"राजूभाई, सामान पुन्हा उतरवा. गुरुवारी चार वाजता गाडी उचलणार आहे."

राजमहंमद हसला. अगदी मनापासून हसला. "सकाळी सकाळी चेष्टा करता का राव? सेटलमेंट झाली की आपली. शुक्रवारीच एक लाख पासष्ट हजार भरले. ह्ये बघा तुमच्याच हापिसाचं पत्र."

शिंगोट्यानं घडी उलगडली. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग तो हळूच टेम्पोच्या फळीवर टेकला.

"राजूभाई, हे पत्र आमचं नाही."

"म्हंजी?"

"वरचं चिन्ह कंपनीचं आहे. लोन नंबर बरोबर आहे. पण खातं कंपनीचं नाही, आणि ही सही कुणाची ते मला माहीत नाही. तुमच्या नावावर चार लाख दहा हजार कालही होते, आजही आहेत."

इशरत, राजमहंमदची बायको, डबा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं. डबा फळीवर ठेवला आणि आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिली. त्या एक लाख पासष्ट हजारांत तिच्या चार बांगड्या होत्या, आणि सासूनं मरताना हातात दिलेली माळ होती.

पायरीवर बसून टाळ पुसणाऱ्या प्रयागआक्कांचा हात थांबला. "विठ्ठला," त्या पुटपुटल्या, "तुझ्या दारात बसून कुणी केलं रे हे?"

२

प्रयागबाईंना सारा गाव आक्का म्हणतो. टेलिफोन खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. पहिली बारा नारायणगावच्या एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडण्यात. कुणी कुणाला फोन केला, किती वाजता लागला, किती वाजता तुटला, हे चिठ्ठीवर टिपायचं, एवढंच काम. त्या सवयीनं त्यांना एक गोष्ट शिकवली. माणूस शब्दांत वाटेल ते खोटं बोलतो, पण वेळेचं भान त्याला राहत नाही. निवृत्तीनंतर आक्कांनी दोनच गोष्टी धरल्या. दहा कोसांत कुठंही कीर्तन असो, पुढच्या रांगेत आक्का. आणि कुणाच्याही अडीअडचणीत, न बोलावता आक्का.

मंगळवारी सकाळी त्या राजमहंमदच्या ओट्यावर बसल्या. मंचरला पोलिसांत तक्रार देऊन झाली होती. खातं परराज्यातलं आहे, पैसे लगेच काढून घेतलेत, तपासाला वेळ लागेल, असं सांगून त्यांनी पावती हातात दिली होती. गुरुवार मात्र थांबणारा नव्हता.

"टेम्पो गेला तर काय रं उरतं?" आक्कांनी विचारलं.

"काय उरतंय, मावशी? स्पीकर डोक्यावर घेऊन हिंडू का? चैत्रातल्या आठ जत्रांची सुपारी घेतलीय." तो थांबला. "आन् लोक काय म्हनतील? ह्यानंच पैसं खाल्लं आन् खोटं पत्र दावतोय. शिंगोट्या तर तसंच बघत व्हता माझ्याकडं."

"पहिल्यापासून सांग. काही गाळू नको."

महिन्यापूर्वी नारायणगावात शिंगोट्याशी बैठक झाली होती. राजमहंमदबरोबर दोघं गेले होते. एक भगवंततात्या, कर्जाला जामीन राहिलेले. आणि दुसरा सावळेराम, पूर्वी एका पतसंस्थेत कारकून होता, म्हणून बोलायला नेलेला. शिंगोटे म्हणाला होता, एकरकमी भरलंत तर कंपनी सूट देईल, वरच्या ऑफिसातून मेसेज येईल. त्यानंतर महिनाभर शिंगोट्यानं फोन उचलला नाही. आणि सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, रविवारी सकाळी, खरंच मेसेज आला. अनोळखी नंबर, कंपनीचं चिन्ह, 'सेटलमेंट विभाग'.

"बोलला का कुणी?"

"न्हाई ना! म्या फोन केला की कट. म्हनायचं, 'मीटिंगमध्ये आहे, लिहून कळवा.' पाच दिस नुसतं लिवून भाव केला. अडीच लाखावरनं एक पासष्टवर आला. म्या अॅम्प्लिफायरपाशी बसूनच लिवत व्हतो सगळं."

"लोन नंबर कुणाकुणाला ठाऊक?"

राजमहंमदनं बोटं मोडली. शिंगोटे. भगवंततात्या. सावळेराम. आणि नारायणगावचा पिंटूशेठ, कारण कागदांच्या सगळ्या झेरॉक्स त्याच्या दुकानात निघाल्या, आणि खोटं पत्रही मोबाइलवरून तिथंच छापलं.

तेवढ्यात सावळेराम स्वतःच अंगणात आला. पंचेचाळिशीचा, किरकोळ अंगाचा, कपाळाला बुक्का. सप्ताहाची सारी व्यवस्था त्याच्या अंगावर असायची. फोन हातात धरून सदा पळापळ, आणि वीणेचा मात्र पक्का. सप्ताहातल्या मंगळवारी त्याच्या जागी उभा राहणारा माणूस नारायणगावला द्राक्षांच्या गाड्यांत अडकला, तर हा गडी वीणा घेऊन तसाच उभा राहिला. शेवटी आक्कांनीच तांब्या त्याच्या तोंडाला लावला होता.

"आक्का, माझ्याच जीवाला घोर लागलाय," तो म्हणाला. डोळे लाल. "पत्र आलं तवा ह्यानं मला दावलं. म्याच म्हनलं, भरून टाक. एवढी पतसंस्थेत नोकरी केली, पन खोटं वळखता न्हाई आलं."

इशरतनं त्याला चहा दिला. त्यानं तो न पिताच ठेवून दिला.

३

पिंटूशेठचं दुकान नारायणगावच्या स्टँडसमोर. झेरॉक्स, आधार, सातबारा, रेल्वेचं तिकीट. आजोबा राजस्थानातल्या पालीहून आले होते. पिंटूशेठ इथंच जन्मलेला, मराठी अशी की ऐकत राहावी.

"आक्का, पोलीस येऊन गेले. आता तुम्ही आलात म्हणजे मी पक्का चोर!" तो हसला, पण हसू टिकलं नाही. "माझ्या संगणकात अर्ध्या तालुक्याचे कागद आहेत. मला खायचंच असतं तर स्पीकरवाल्याचं खाल्लं असतं का?"

"सप्ताहाच्या आठवड्यात कुठं होतास?"

"पालीला. मामेबहिणीचं लग्न. शनिवारी गेलो, गुरुवारी दुपारी आलो. राजूभाई साडेपाचला पत्र घेऊन आले, मी दुकान नुकतंच उघडलं होतं."

"गाडीत बसून मेसेज करता येतात की."

पिंटूशेठचा चेहरा उतरला. "येतात," तो म्हणाला. "त्याला मी काय करू?" मग त्यानं आपला फोन काढून आक्कांपुढं ठेवला. "बघा हवं तर. पण एक सांगू? ते पत्र मी छापलं तेव्हाच मला खटकलं होतं. खाली लिहिलं होतं, 'होकार गुरुवारी सायंकाळी सहाच्या आत कळवावा.' मी राजूभाईंना म्हटलं, तुमची कंपनी साडेपाचला पत्र पाठवते आणि सहाला उत्तर मागते, एवढी घाई कसली? ते म्हणाले, साहेबांना जायचं असेल कुठंतरी."

आक्का जीपची वाट बघत स्टँडवर उभ्या राहिल्या. साहेबांना जायचं असेल. कुठं?

शिंगोटे तिथंच चहाच्या टपरीवर भेटला. त्यानं आक्कांना ओळखलं आणि कप खाली ठेवला. "बाई, माझ्यावर संशय आहे ना? असू द्या. पण पैसे खाल्ले असते तर परत त्याच दारात गाडी मागायला आलो असतो का?"

"नसतास आलास," आक्का म्हणाल्या. "पण महिनाभर फोन न उचलून तू चोराला जागा मोकळी करून दिलीस. तेवढं तुझ्या पदरात आहे."

शिंगोट्यानं कपातला उरलेला चहा ओतून दिला.

४

घरी येऊन आक्कांनी राजमहंमदचा फोन पुढ्यात घेतला, आणि एक जुनी वही. मेसेजात काय लिहिलंय ते त्यांनी सोडूनच दिलं. फक्त वेळा उतरवल्या. डाव्या बाजूला राजमहंमदनं लिहिलेलं, उजव्या बाजूला उत्तर आलेलं. एक्स्चेंजमध्ये चिठ्ठ्या लावायच्या तशा.

चोर तत्पर होता. प्रश्न गेला की दोन मिनिटांत, तीन मिनिटांत उत्तर. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून दुकानदार उभाच असतो तसा.

फक्त रोज एक खळगा होता.

रविवारी नऊ चाळीसला पहिला मेसेज. राजमहंमदनं दहाच्या पुढं तीन वेळा लिहिलं, उत्तर आलं ते बाराला सहा मिनिटं झाल्यावर. आक्कांना वाटलं, मीटिंग असेल. सोमवारी बारा ते दोन शांतता. जेवण असेल. मंगळवारी दोनपासून शांतता, ती थेट चार एक्केचाळीसपर्यंत. बुधवारी चार ते सहा. गुरुवारी सहाच्या आत होकार पाहिजे, आणि सहानंतर आठपर्यंत काही नाही.

आक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

कुठल्या ऑफिसातलं जेवण रोज दोन तास पुढं सरकतं? रेल्वेतल्या पिंटूशेठची रेंज अशी वेळ लावून जात नाही. मोटारसायकलवर हिंडणारा शिंगोटे रोज वेगळ्या वेळी, पण नेमके दोनच तास हात बांधून बसत नाही. दहा, बारा, दोन, चार, सहा. हा माणूस रोज दोन तास कुठंतरी असा गुंतलेला, की खिशातला फोनही काढता येत नाही. आणि ते दोन तास रोज दोन तासांनी पुढं.

हे गणित त्यांना पाठ होतं. गावातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

वही घेऊन त्या तशाच अनवाणी मंदिराकडे निघाल्या.

५

सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. दोन दोन तासांचा एक पहारा. एक जण वीणा गळ्यात घेऊन उभा, एका हातात तार, दुसऱ्यात चिपळ्या. त्याच्या जोडीला एक जण टाळ घेऊन. पुढचा आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. दिवसाचे पहारे बारा. पण महाळुंग्यात जोड्या तेरा. कुणाला वगळायचं यावरून मागं भांडण झालं, तेव्हा तेराही ठेवल्या. त्यामुळं प्रत्येक जोडीची पाळी रोज दोन तास पुढं सरकते.

खांबावर पहाऱ्याचा कागद अजून चिकटलेला होता. आक्कांनी बोट फिरवलं. रविवार, दहा ते बारा. सोमवार, बारा ते दोन. बोट तसंच खाली आलं. पाचही दिवस त्या वेळांना एकच जोडी होती.

वीणा, सावळेराम. टाळ, भगवंत.

"काय शोधताय, प्रयागबाई?" मागून आवाज आला. भगवंततात्या. सत्तरी उलटलेला, उंच, तोंडाचा फाटका माणूस.

"तात्या, राजमहंमदचा राग येतो का हो तुम्हाला?"

"येनार न्हाई तर काय! पाच वर्सं झाली, ते वसुलीवाले मला फोन करत्यात. नातवंडांच्या देखत शिव्या खाल्ल्यात म्या. ह्याच्या सईखाली माझी सई हाय म्हनून." त्यांनी खांबावर हात आपटला. "भर चौकात बोललोय मी त्याला, तुझा टेम्पो जाळून टाकीन म्हनून."

"आणि त्याच्या लोनचा नंबर?"

"तोंडपाठ हाय. म्हनून दावू?" आणि त्यांनी खरंच म्हणून दाखवला, चौदा आकडी, एकही आकडा न चुकता.

आक्कांनी त्यांच्या वरच्या खिशाकडे पाहिलं. एक नाही, दोन मोबाइल होते.

"दुसरा कशाला, तात्या?"

"वसुलीवाल्यांसाटी," तात्या म्हणाले. "पहिला त्येंच्यापायी बंदच असतोय."

६

दोघांचेही हात त्या वेळी गुंतलेले. एकाचे वीणेत, एकाचे टाळात. दोघांनाही नंबर ठाऊक. एकाच्या मनात उघड राग, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी. घाईचा माणूस असता तर तात्यांना तिथंच धरून मोकळा झाला असता.

आक्का सभामंडपात बसल्या. आत विठोबा कमरेवर हात ठेवून उभा, त्याला कसली घाई? त्यांनी वहीतल्या मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं.

मंगळवारचा पहारा दोन ते चार. खळगा मात्र चार एक्केचाळीसला संपला. चार वाजून चार मिनिटांनी राजमहंमदनं लिहिलं होतं, 'साहेब, गरिबाला संभाळा, दीड लाखात करा.' त्यापुढच्या खुणा सदतीस मिनिटं निळ्या झाल्या नव्हत्या. कुणी तो मेसेज उघडलाच नव्हता.

"तात्या," त्यांनी हाक मारली, "मंगळवारी पुढची जोडी उशिरा आली. तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? चार वाजले, म्या टाळ ठिवला. म्हनलं, माझा पहारा झाला. कट्ट्यावर बसून फोनवर कुस्त्या बघितल्या, पुढची जोडी येईस्तवर. तुमीच तर वरडला व्हता, आवाज कमी करा म्हनून."

ओरडल्या होत्या खऱ्या. चाळीस मिनिटं तात्यांच्या हातात फोन होता आणि डोळ्यांसमोर पडदा. चोर ते असते तर 'दीड लाखात करा' हे वाचून दोन मिनिटांत उत्तर गेलं असतं. टाळ खाली ठेवता येतो.

वीणा ठेवता येत नाही.

आक्कांना स्वतःचा हात आठवला, तांब्या धरलेला. त्या हातानं त्यांनी एका माणसाला पाणी पाजलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, काय निष्ठा आहे. त्यांना रडू आलं नाही. वही काखेत मारून त्या उठल्या.

सावळेराम गोठ्यात होता. आक्कांनी वही उघडली आणि एकेक वेळ वाचत गेल्या, काही न विचारता. मंगळवारपाशी आल्यावर तो म्हणाला, "बस्स करा, आक्का."

तो तिथंच, गवताच्या पेंढीवर बसला.

"मोबाइलवर कर्ज देनारी अॅपं असत्यात. पोरीच्या, संस्कृतीच्या, कॉलेजच्या फीसाटी घेतलं. तीस हजारांचं व्याजानं किती झालं कळलंच न्हाई. मग वसुली चालू झाली. माझ्या पोरीचा फोटो..." त्यानं पेंढीतली एक काडी मोडली. "तिच्या कॉलेजातल्या पोरांना पाठवला त्येंनी. नको तसला करून. तिनं आठ दिस अन्न घेतलं न्हाई. त्येंनी मला जे मेसेज धाडले, तेच नाव बदलून म्या राजूला धाडले. शिकवलं त्येंनीच."

"खातं?"

"भाड्यानं मिळतं. पंधरा हजार खातेवाल्यानं कापले. तीस हजार अॅपवाल्यांच्या नरड्यात घातले. एक लाख वीस हजार घरात हायेत. हात लावला न्हाई. लावताच येईना." त्यानं वर पाहिलं. "आक्का, एवढं पाप केलं, पन वीणा खाली ठिवली न्हाई म्या."

"नाही ठेवलीस," आक्का म्हणाल्या. "ठेवली असतीस तर मला तू कधी सापडला नसतास. तुझ्यातलं एक चांगलं उरलं होतं, त्यानंच तुला धरून दिलं. अन् सावळ्या, तुझ्यासमोर वीस पावलांवर बसून तो तुला विनवत होता रे. 'साहेब, गरिबाला संभाळा.' तू पहारा संपवून आलास, कपाळाला बुक्का लावलास, आणि ते वाचलंस."

सावळेरामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

७

गुरुवारी बारा वाजता राजमहंमदच्या ओट्यावर शिंगोटे, भगवंततात्या, आक्का. मध्ये फोन, त्यावर पुण्याचे मॅनेजर.

"बाई, दोन लाख चाळीस. यापेक्षा कमी होणार नाही."

"साहेब, टेम्पो सहा वर्षांचा आहे. ओढून न्याल, आवारात उभा कराल, लिलाव कराल. लाख तरी येईल का? आणि तुमचा माणूस 'मेसेज येईल' सांगून महिनाभर गायब, त्या मेसेजच्या नावावर आमचा माणूस बुडाला. हे मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांना लेखी कळवावं म्हणते."

शिंगोटे जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, ते बरोबर आहे. मी फोन उचलला नव्हता."

"दोन लाख."

"एक लाख साठ. आज, चारच्या आत. पण आधी पत्र, कंपनीच्या शाखेतून. शाखेच्या साहेबांनी फोनवर नंबर वाचून दाखवायचा. खातं कंपनीच्या नावाचं. बाकी काही शिल्लक नाही, जामीनदार मोकळा, हे त्यातच लिहायचं. पैसे मग."

"बाई, तुम्ही कुठल्या बँकेत होतात?"

"टेलिफोनात," आक्का म्हणाल्या. "कॉल चालू ठेवू का बंद करू?"

दोनला पत्र आलं. एक लाख वीस हजार सावळेरामच्या घरून आले होते. चाळीस कमी पडत होते. भगवंततात्यांनी धोतराच्या सोग्यातून पुडकं काढलं आणि इशरतच्या हातात न देता ओट्यावर टाकलं.

"असं बघू नगा माझ्याकडं. न्हाईतर माझ्याच बोडक्यावर येनार व्हतं सगळं. वर्साच्या आत परत पायजेत, राजू. आन् टेम्पो जाळीन म्हनलो व्हतो ते मागं घेतो."

साडेतीनला पावती आली. शिंगोट्यानं ती स्वतः वाचून दाखवली, आणि तो इशरतला नमस्कार करून गेला. इशरतच्या बांगड्या काही परत आल्या नव्हत्या. तिनं पावती घडी करून कपाटात ठेवली.

"मावशी," राजमहंमद म्हणाला, "तक्रार मागं घेऊ?"

आक्कांनी अंगणाच्या कडेला नजर टाकली. "उद्या त्याच नंबरवरून दुसऱ्या कुणाला मेसेज गेला तर? आणि ज्यांनी त्याच्या लेकीचा फोटो पाठवला, त्यांचं नाव कुणी सांगायचं? ते त्यालाच सांगावं लागेल. तोंड उघडलं तरच."

सावळेराम अंगणाच्या कडेला उभा होता. आत यायची हिंमत नव्हती, जायची वाट नव्हती. राजमहंमद टेम्पोची किल्ली घेऊन त्याच्यापाशी गेला.

"पाच दिस तू माझ्याकडनं साहेब म्हनवून घेतलंस," राजमहंमद म्हणाला. "एकदा तरी हसू आलं का रं?"

"न्हाई, राजू. एकदाबी न्हाई."

"बस गाडीत."

मंचरच्या पोलीस ठाण्यापर्यंत राजमहंमद, सावळेराम आणि आक्का एकाच केबिनमध्ये बसून गेले. ठाण्यात हवालदारानं जुन्या तक्रारीचा कागद काढला, समोरच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, त्यांच्या एकसारख्या उतरलेल्या चेहऱ्यांकडे, आणि पेन उघडलं.

"तुमच्यातला फिर्यादी कोण?"

राजमहंमदनं टेम्पोची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. आक्का काही बोलणार, तोच सावळेराम पुढं सरकला.

"फिर्यादी ह्यो," तो म्हणाला. "पन सांगनार मी. लिवून घ्या."